बेडकाच्या घरात बेडूक

आमच्या गावच्या वार्षिक कृषी प्रदर्शनात यंदापासून ‘पाळीव वृक्षबेडकासाठी सुयोग्य घरगुती निवास’ हा नवा वर्ग समाविष्ट करण्यात येत असल्याचं प्रदर्शन समितीच्या मानद सचिव थेल्माबाई प्रॉक्टर यांनी जाहीर केलं, तेव्हा सभागृहातल्या समस्त बायकांनी चहाचे कप एकदमच खाली ठेवले. त्यात सगळ्यात आधी ठेवला तो माझ्या बायकोने, नोरीनने.

त्याला कारण होतं. नोरीनचा स्पंज केक दरवर्षी तिसरा येतो. पहिला थेल्माबाईंचा येतो, दुसरा त्यांच्या बहिणीचा. परीक्षक थेल्माबाईंच्या नणंद असल्या, तरी निकाल पूर्णपणे निःपक्षपाती असतो, असं समितीने वेळोवेळी स्पष्ट केलेलं आहे. जॅम, भोपळा, विणकाम, कोंबडा या वर्गांतही पहिले नंबर पिढीजात ठरलेले. बेडकाचा वर्ग मात्र नवाकोरा होता, तिथे अजून कुणाचंच बस्तान बसलेलं नव्हतं.

गाडीत बसल्या बसल्या नोरीन म्हणाली, “क्लेम, ती पहिल्या नंबरची निळी फीत मला हवीय. मरायच्या आधी एकदा तरी.”

“बेडूक तर आहेच आपल्याकडे,” मी म्हणालो.

ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला, उत्तर क्वीन्सलंडमध्ये, ज्या घराच्या संडासात बेडूक नाही, त्याला आम्ही घर म्हणत नाही. आमचा हेक्टर कमोडच्या कडेखाली राहतो. पाणी सोडलं तरी पाय घट्ट चिकटवून बसून राहतो आणि पाणी ओसरलं की आपल्याकडे नाराजीने बघतो. बसण्यापूर्वी झाकणावर टिचकी मारायची, म्हणजे तो बाजूला सरकतो. ब्रिस्बेनहून आलेले लोक टिचकी मारत नाहीत, त्यामुळे ते सहसा पुन्हा येतही नाहीत.

रीतसर परवाना काढून हेक्टरला ‘पाळीव’ हा दर्जा प्राप्त करून देण्यात आला. त्यानंतर मी कामाला लागलो. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली काचेची पेटी, कारण हा प्राणी चढणारा. वर जाळीचं झाकण. आत उभ्याआडव्या फांद्या, रुंद पानांची रोपं, तळाशी नारळाचा भुसा आणि त्यावर शेवाळ, उथळ वाडग्यात क्लोरीन उडून गेलेलं पाणी, एका कोपऱ्यात ऊब देणारा दिवा. पेटी पुढच्या खोलीत ठेवून मी हेक्टरला आत सोडलं. तो फांदीवर चढला, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पूर्वतपासणीसाठी समितीचे डेझमंड क्विल आले. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी लोकांच्या चुका काढण्याचं काम विनामूल्य अंगावर घेतलंय. पांढरे हातमोजे घालून त्यांनी पेटीभोवती प्रदक्षिणा घातली.

“काचेवर ठसे आहेत.”

“बेडकाचे आहेत,” मी म्हणालो.

“कुणाचे आहेत हा समितीपुढचा प्रश्न नाही, मिस्टर बॅसेट. वाडग्यात घाण आहे.”

“तीही त्याचीच.”

“शेवाळ एका जागी दबलंय.”

“तो बसतो हो तिथे!”

डेझमंडनी हातमोजे काढले आणि शोकसभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, “निवास उत्कृष्ट आहे. निळ्या फितीच्या तोडीचा आहे. अडचण आहे ती फक्त रहिवाशाची.”

नोरीनचा चेहरा उतरला. “मग काय करायचं?”

“नियमात बेडूक ‘प्रत्यक्ष अथवा प्रातिनिधिक स्वरूपात’ असं म्हटलंय. चिनी मातीचा चालतो. खरं सांगायचं तर चिनी मातीचाच बरा पडतो.”

त्याच दिवशी चिनी मातीचा बेडूक आला आणि हेक्टर संडासात परत गेला. त्याच्या खाण्यासाठी आणलेले रातकिडे शेवाळ कुरतडतात असं लक्षात आल्यावर त्यांनाही काढून टाकण्यात आलं. पेटी चकचकीत झाली. आता तिच्यात कसलाच दोष उरला नाही, म्हणून नोरीन पेटीबाहेरचे दोष शोधू लागली. मी सॉसेज तळली की तेलाची वाफ काचेवर बसते, म्हणून मी व्हरांड्यात जेवू लागलो. टीव्हीच्या उजेडाने रोपं वाकडी वाढतात, म्हणून टीव्ही गेला. बुटांची धूळ उडते, म्हणून बूट गेले आणि पाठोपाठ, पायांनाही धूळ असतेच या मुद्द्यावर, पाय गेले. शेवटी तिने दमटपणा मोजायचं यंत्र आणलं. मी नुसता दारात उभा राहिलो तरी त्याचा काटा सरकत होता.

“तू श्वास घेतोस, क्लेम,” ती हळुवारपणे म्हणाली. “मी तुला दोष देत नाही रे. पण घेतोस.”

मी अंथरूण घेऊन परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. कुंपणापलीकडच्या शेडमध्ये शेजारचा मर्व डबाबंद घेवडे खात बसलेला दिसला.

“तुझ्याकडे पण?” मी विचारलं.

“आम्ही पेटीत धबधबा बसवलाय,” मर्व म्हणाला. “कुत्री अजून घरात आहे, बरं का. मलाच बाहेर काढलं. म्हणे, माझे केस गळतात.”

“तुला केस आहेत कुठे, मर्व?”

“तेच तर! बायको म्हणते, म्हणजे गळतायतच ना!”

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नोरीन स्वतःही त्या खोलीत जायची नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चहा प्यायची आणि मधूनच दारात उभी राहून लांबूनच पेटी न्याहाळायची. मला रोज घरात शिरायची जी एक अधिकृत सवलत होती, ती संडासापुरती. तिथे मी आणि हेक्टर, आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. परवाना त्याच्या नावाचा, पेटी त्याच्यासाठी केलेली, आणि त्यालाच घरबंदी! माझं डोकं फिरलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही पेटी गाडीच्या हौद्यात ठेवून बैलगाडीच्या वेगाने सभागृहात नेली. हेक्टर माझ्या हॅटमध्ये होता, ओल्या फडक्यात. हे नोरीनला माहीत नव्हतं. टेबलांवर पेट्यांची रांग लागली होती. धबधबे, झुलते पूल, एकीत तर बेडकासाठी आरामखुर्ची. आणि प्रत्येक पेटीत गावातल्या एकुलत्या एका भांड्यांच्या दुकानातला तोच हिरवा, तोच हसरा, चिनी मातीचा बेडूक.

नोरीन धास्तीने चहा आणायला गेली. मी जाळी उचलली आणि हेक्टरला त्याच्या घरात सोडलं. तो पानांआडच्या फांदीवर जाऊन बसला.

तेवढ्यात परीक्षकबाई आल्याच. पाठोपाठ थेल्माबाई आणि डेझमंड. प्रत्येक पेटीपाशी मान हलवत परीक्षकबाई आमच्या पेटीपुढे थांबल्या. कोपऱ्यांवर नजर फिरवली, शेवाळाकडे बघून पसंतीचा हुंकार दिला. त्यांचा हात हळूहळू निळ्या फितीकडे गेला. फीत पेटीला लावायला त्या वाकल्या, आणि हेक्टरने फांदीवरून झेप घेऊन त्यांच्या नाकासमोर काचेवर पोट चिकटवलं आणि घसा मोकळा केला.

“हे काय आहे?” थेल्माबाई किंचाळल्या.

डेझमंडनी चष्मा लावून खात्री करून घेतली. “बेडूक आहे, बाई.”

“बेडकाच्या घरात?”

“दुर्दैवाने, हो.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी आपल्या पोराचे डोळे झाकले. निवासाचा प्रत्यक्ष वापर झाल्याचं निदर्शनास आल्यामुळे प्रवेशिका बाद करण्यात येत असल्याचं डेझमंडनी जागीच जाहीर केलं आणि निळी फीत थेल्माबाईंच्या पेटीवर लागली.

नोरीन दोन हातांत दोन कप घेऊन मागे उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

“चुकलो गं,” मी म्हणालो.

तिने पेटीत पाहिलं. हेक्टर चिनी मातीच्या बेडकाच्या डोक्यावर चढून बसला होता आणि तिथेच त्याने निवांतपणे आपला कार्यभाग उरकला होता. नोरीनच्या हातातला चहा हिंदकळला. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. इतकी हसली, इतकी हसली की कप माझ्याकडे देऊन तिला टेबल धरावं लागलं. किती दिवसांनी बघत होतो मी तिला असं हसताना!

मग डोळे पुसत ती वळली. “थेल्मा, खरं सांग. तुझ्या पुढच्या खोलीत तो मखमली सोफा आहे ना, त्यावर बसतं कोण?”

“कोण म्हणजे? पाहुणे बसतात.”

“कुठले पाहुणे? माझं लग्न झाल्यापासून मी तुझ्याकडे येतेय. मला तर तू स्वयंपाकघरात बसवतेस.”

“तू काय पाहुणी आहेस?”

“बरं. तुझी नणंद?”

“ती घरचीच.”

“मग बसतं कोण गं?”

थेल्माबाईंनी उत्तरासाठी सभागृहाकडे पाहिलं. सभागृह आपापल्या बुटांकडे बघत होतं. डेझमंडनी हातमोजे पुन्हा चढवले आणि कारण नसताना एक भोपळा पुसायला घेतला.

हा प्रश्न अर्थातच तुमच्यासाठी नाही. तुमच्याकडच्या सोफ्यावर घातलेलं कव्हर धुळीसाठी आहे, माणसांसाठी नाही, याची मला पूर्ण खात्री आहे.