खोकडाच्या घरी साफसफाई

मिनल ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीमागच्या माळावर पोहोचली आणि जागच्या जागी थिजली. माळ होता कुठे? गुडघाभर गवत साफ छाटलेलं, दगडांना गेरू-चुना फासलेला, जमीन लोटून लख्ख केलेली, आणि मधोमध ही एवढी रांगोळी!

रांगोळीच्या पलीकडे गणराज बिराजदार खराटा घेऊन हसत उभा होता. हा साफसफाईचा सुपरवायझर, मूळचा लातूरकडचा. चाकणला येऊन बरीच वर्षं झाली, पण कामाची हौस काही कमी होत नव्हती.

"कसं वाटलं, म्याडम? पोरं लावून करून घेतलंय बगा."

"गणराजभाऊ, इथे खोकडांची विष्ठा होती. मी प्रत्येक ठिकाणी लाल कापडाची काडी रोवून ठेवली होती."

"होती की! लय घाण. काड्यांमुळंच तर पटापट सापडली. एक पण सोडली न्हाई."

मिनलने कपाळावर हात मारला. बिचारी दुसरं करणार तरी काय? वन्यजीवांचा सर्व्हे करणारी पर्यावरणतज्ज्ञ ती, आणि एकटीने केलेलं हे पहिलंच काम. कंपनीला या माळावर ट्रक उभे करायला तळ बांधायचा होता. मिनलने महिनाभर फिरून सांगितलं होतं, की इथे खोकड राहतात. खोकड म्हणजे आपला छोटा कोल्हा, कायद्याने जपलेला. कंपनीचा विश्वास बसेना. म्हणून आज बांधकामाला परवानगी देणाऱ्या समितीचे साहेब स्वतः बघायला येणार होते. खूण दिसली तर माळ वाचणार, नाही दिसली तर जेसीबी आत येणार.

"मी काल फोन करून सांगितलं होतं ना, साहेब बघायला येतायत म्हणून!"

"म्हणून तर केलं! साहेब येऊ लालेत म्हणल्यावर घाण तशीच ठेवायची व्हय?"

आता यात त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? या पट्ट्यात कुणालाही 'साहेब बघायला येतायत' एवढं म्हणा, तो पहिला झाडू शोधतो. साहेब घाण बघायलाच येतात, हे त्याने ऐकलं होतं कधी?

"आणि बिळं?" मिनलचा आवाज चिरकला.

"बुजवली. मुरूम टाकून धुमसानं चोपली. कुणाचा पाय मुरगळला म्हंजे?"

"अहो, आत जनावरं आहेत! पिल्लंसुद्धा असतील!"

गणराजचा चेहरा खाडकन उतरला. "आईशप्पथ, मला वाटलं उंदरांची हायेत."

"एवढी मोठी?"

"चाकणचे उंदीर बगितले न्हाईत तुमी."

पण तोवर खराटा टाकून तोही तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता. दोघं नखांनी मुरूम उकरू लागली. मुरूम हलेना.

"कुण्या गाढवानं चोपलंय एवढं!" गणराज करवादला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो दुप्पट जोराने उकरू लागला.

तेवढ्यात साहेबांची गाडी आलीच. साहेब उतरले, चौफेर नजर फिरवून खूश झाले.

"वा! काय छान ठेवलंय. बरं मॅडम, यात खोकड कुठे राहतं?"

"सर, कालपर्यंत इथे सगळीकडे विष्ठा होती. यांनी चुकून..."

"कालचं राहू द्या. आज काय आहे?"

"साहेब, मीच लोटलं वो," गणराज काकुळतीला आला. "कचऱ्याची गाडी सकाळीच गेली."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "हे बघा, मी डोळ्यांनी दिसेल तेच लिहितो." मिनलला रडू आवरेना. ट्रकतळ गेला खड्ड्यात, आत कोंडलेल्या पिल्लांच्या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता.

इतक्यात पलीकडची जमीन हलली. मातीचा फवारा उडाला आणि त्यातून एक टोकदार नाक वर आलं, मग कान, मग अख्खी खोकडीण. तिच्यामागून दोन पिल्लं शिंकत बाहेर पडली.

"हट्! आत्ताच लोटलंय!" सवयच ती. गणराज खराटा घेऊन धावला.

"भाऊ, थांबा!" मिनल ओरडली.

खोकडीण जरासुद्धा घाबरली नाही. तिने गणराजकडे रागाने पाहिलं, लख्ख जागेच्या बरोबर मध्यावर आली, सावकाश बसली, आपलं काम उरकलं आणि पिल्लांना घेऊन कुंपणाकडच्या झुडपात निघून गेली.

मिनल रडता रडता हसायला लागली. साहेब चष्मा पुसून भराभर लिहायला लागले. गणराज मात्र त्या ढिगाकडे बघत तळमळत होता.

"म्याडम," तो हळूच म्हणाला, "साहेब गेल्यावर एवढी एकच उचलली तर?"

"भाऊ, या एकीवर अख्खा माळ वाचलाय."

गणराजने खराटा आडवा धरला. साहेब फोटो काढायला पुढे येत होते.

"साहेब, बाजूनं या," गणराज दरडावून म्हणाला. "पाय पडंल तिच्यावर."