मेजरची सोनोग्राफी

सुभेदार लालासाहेब आष्ट्यात गाडीत बसतानाच पुतण्याला म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांग, भूल-बिल काय लागणार न्हाई. अख्खी पलटण एका आवाजावर आडवी केलीय मी. ह्यो वीतभर गडी काय लावलाय!"

वीतभर गडी म्हणजे त्यांच्या मांडीवरचा पांढरा पॉमेरियन. नाव मेजर. लालासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, त्याच वर्षी बनुबाईंनी हे पिल्लू आणलं. नावही त्यांचंच. "घरात तुमच्यावर कुणीतरी पायजे की," म्हणाल्या. गेल्या दिवाळीत बनुबाई गेल्या. मागं राहिली ही दोन लष्करी माणसं, आणि त्यातले हुद्द्यानं वरिष्ठ अलीकडं भांडंच्या भांडं पाणी पिऊन अन्नाला तोंड लावेनात.

विश्रामबागेतल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर अंकितांनी मेजरच्या पोटावरचे केस काढले. वरून सिंह आणि खालून सोललेलं उसाचं कांडकं, असं त्याचं रूप झालं. गार जेल लागताच त्यानं जे अंग झाडलं, त्यात पुतण्याचा चष्मा आणि लालासाहेबांच्या मिशा एकदमच माखल्या.

"मेजर, सावधान!" लालासाहेब गरजले. मेजर टेबलावरच मुतला.

"लेट जाओ." मेजर उभा राहिला.

"तात्या, सुभेदारानं मेजरला हुकूम द्यायचा नसतोय," पुतण्या इंद्रजित चष्मा पुसत म्हणाला.

"तू गप पाय धर."

डॉक्टरांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "असा धापा टाकत राहिला तर किडनी नीट दिसणारच नाही. भूल द्यावी लागेल. पण याचं वय आणि रक्ताचा रिपोर्ट बघता मला धोका वाटतो. उठेल याची खात्री नाही देत."

लालासाहेबांच्या मिशा उतरल्या. बनुबाईंची मांडी ठाऊक असलेलं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"घरी हा शांत कधी असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

लालासाहेब छताकडं बघू लागले. इंद्रजितनं सांगून टाकलं, "दुपारी काकी तात्यांना बोलायला बसायच्या. तेवढा येळ ह्यो त्यांच्या मांडीवर घोरायचा."

"मग बोला तसं."

"मी? कुणाला?"

"तुमीच तुमाला," इंद्रजित म्हणाला. "पाठ असंल की समदं."

लालासाहेबांनी घसा खाकरला. "आवं, च्याचा कप उचलायला काय पलटण बोलवू का?"

मेजरचा एक कान हलला.

"चांगल्या दुभत्या म्हशी इकून टॅक्टर आणलासा. म्हशी हाक मारली तर येत तरी हुत्या."

मेजरनं मान टाकली.

"डावी दिसली," डॉक्टर कुजबुजल्या. "थांबू नका."

लालासाहेबांना आता सूर सापडला. आवाज बारीक झाला, मनगटात बांगड्या असाव्यात तसा हात हलू लागला. "माझ्या भावाच्या लग्नात फेटा बांधून पेंगत बसलासा. अक्षदा पडल्या तर 'हमला' म्हणून वराडलासा. नवरी बोहल्यावरनं खाली उतरली."

मेजर घोरू लागला.

"उजवी बरगडीखाली असते. अजून थोडं."

किरकोळ माल तर संपला होता. "सोसायटीच्या इलेक्शनला हुबं ऱ्हायलासा. मी सुदिक मत दिलं न्हाई तुमाला. निवडून आला असता, तर घरात कवा दिसला असता?"

हे बनुबाईंनी एकदाच सांगितलं होतं, शेवटच्या आजारात. लालासाहेबांनी हलता हात मेजरच्या डोक्यावर ठेवला. तोवर उजवीही सापडली होती.

"दोन्ही थकल्यात," डॉक्टर म्हणाल्या, "पण खडा नाही, गाठ नाही. पथ्य सांभाळा, राहील अजून तुमच्याजवळ."

झोपलेल्या मेजरला खांद्यावर घेऊन लालासाहेब बाहेर आले. दार मघापासून उघडंच होतं. बाकावरची माणसं टीव्ही बंद पडल्यासारखी त्यांच्याकडं बघत होती. मांडीवर कोकरू घेतलेल्या हरणाबाई नावाच्या म्हातारीनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मालकीणबाईंचं समदं ऐकलं. काय बी चुकीचं न्हाई त्यात. कुठं असत्यात त्या?"

"गेली. दिवाळीत."

हरणाबाईनं कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. "सुटली म्हणायची."

इंद्रजित गाडी काढायला निघाला होता. लालासाहेब मात्र मेजरला सांभाळत बाकावर म्हातारीशेजारी टेकले.

"आनि काय काय वाटतंय तुमाला?" त्यांनी विचारलं. "बोला की."