मावशींच्या परीक्षेत आई नापास

भाईंदरजवळच्या राई गावच्या कुंदामावशी कोणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्याचा हात ओढून घेतात आणि बोटांचे सांधे एकेक करून दाबतात. आमच्या सिल्व्हर पार्कमधल्या सोसायटीचा वॉचमन तर आता त्यांना पाहिलं की हातच पुढे करतो.

"दुखता हाय क्या?"

"नहीं मौसी."

"फिर अभी जवान हाय तू," असं म्हणून त्या लिफ्टकडे वळतात.

मावशी भाईंदरच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. संधिवाताने बोटं वाकली, मासळी कापणं जमेना, बाजार सुटला. मग दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना आपले सांधे आपणच तपासायला शिकवलं. मावशींना नवा उद्योग मिळाला. दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या प्रत्येक बाईला त्या शिकवू लागल्या. माझी आई त्यांना तिथेच सापडली.

आई याच दुखण्याच्या उपचारासाठी वाशिमकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे आली होती. खुरपं धरून तिने मला कॉलेजात घातलं, त्या हातांना आता कपही धरवत नव्हता. औषधाने गुण आला. पण दर महिन्याला इतक्या लांब येणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सांधे तपासून फोनवर सांगायला शिका आणि खुशाल गावी जा. गावी बाबा एकटे भाकरी थापत होते, आईचा जीव तिकडे लागलेला. मी मोठ्या विश्वासाने तिला मावशींच्या हाती सोपवलं.

मावशी रोज सकाळी बसने येत.

"अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर दाबायचं, जास्त न्हाय. दुखनं वेगळं, सूज वेगळी. बोट रुतलं की समजायचं सूज हाय. शिळ्या पापलेटावानी."

आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिने पदर नाकाला लावला.

"बरं बाय, पापलेट न्हाय. पिकलेला टमाटा."

"टमाटा चालंल," आई म्हणाली.

मग परीक्षा सुरू झाल्या. आई डावं मनगट दाबून म्हणाली, "सूज न्हाई." मावशी म्हणाल्या, "हाय. नापास." पुढच्या खेपेला आई म्हणाली, "सूज आहे." मावशी म्हणाल्या, "न्हाय. नापास." मी आईचं तिकीट पुन्हा पुढे ढकललं. फोनवर बाबा म्हणाले, "तू येवढा शिकला, अन् तुझ्या मायला मनगट येईना?"

एका संध्याकाळी मीच शिकवायला बसलो. आईने माझा हात ओढून घेतला आणि सगळे सांधे झरझर, अगदी मावशींसारखे दाबून दाखवले.

"मला कवाच येतंय," ती म्हणाली.

"मग नापास का होतेस?"

"ती बाई सकाळची बस धरून येती. मालक गेल्यापासून घरात एकली आहे. मी पास झाले तर उद्या कुठं जाईल ती?" मग हळूच म्हणाली, "अन् ती बी मला खोटंच नापास करती."

शेवटी बाबांनी तव्यावर बोटं भाजून घेतली आणि आईचं जाणं ठरलं. निघायच्या सकाळी मावशी आल्या. परीक्षा झाली.

"पास," मावशी म्हणाल्या. आईचा हात मात्र त्यांनी सोडला नाही. मग आपला वाकड्या बोटांचा हात पुढे केला. "आता माजा तपास."

आईने अंगठ्यापासून सुरुवात केली.

"दुखतं?"

"न्हाय."

"इथं?"

"न्हाय गो."

करंगळी झाली, मनगट झालं. खाली रिक्षा येऊन थांबली होती. मी बॅग उचलली.

"झालं," आई म्हणाली.

मावशींनी हात तसाच आईच्या मांडीवर राहू दिला. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "अंगठा राह्यला, बाय."

आईने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. मी बॅग खाली ठेवली.