सूरच्या खाडीतली जादा भरती

"पाहुणचार म्हणजे काय, ते मी या सूर गावाला दाखवून देतो!" असं खल्फान नाखव्यानं गुरुवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा त्याच्याकडे पाहुणा नव्हता. पण ओमानमधल्या या गावच्या खाडीत एक परदेशी शिडाची बोट नांगर टाकत होती आणि तिच्यावर एकच दाढीवाला म्हातारा दिसत होता. म्हणजे पाहुणा जवळजवळ घरात आल्यासारखाच!

खल्फानला पाहुण्याची फार निकड होती. चाळीस वर्षं त्यानं मोम्बासापासून बसऱ्यापर्यंत गलबत हाकलं. पुढे ते मुलानं, माजिदनं, विकलं. हल्ली दुबईत त्याच्यावर रंगीत दिवे लावून लोक जेवतात म्हणे. तेव्हापासून गावातले म्हातारे नाखवे खल्फानच्या बैठकीकडे फिरकेनासे झाले. सगळे त्याच्या मेहुण्याकडे, हिलालकडे जाऊन बसत. हा हिलाल जन्मात मासळीच्या होडीपलीकडे गेला नव्हता!

"उम्म माजिद, बोकड कापायला सांग!"

"कुणासाठी?" माजिदच्या आईनं, शम्सानं, आतून विचारलं.

"पाहुण्यासाठी."

"तो येतो म्हणालाय?"

"येत नाही म्हणायला त्याला वेळच कुठे देतोय मी!"

पाहुण्याचं नाव एर्लेंड. नॉर्वेतला निवृत्त शाळामास्तर. बायको गेल्यावर घर विकून त्यानं ही बोट घेतली होती. आता बोट हेच घर, हाच संसार. त्या संसारात दोन दिवसांपासून पाणी शिरत होतं. इंजिनाजवळची एक रबरी नळी फाटली होती. पंप जमेल तेवढं पाणी उपसत होता, पण तो चालत होता बॅटरीवर, आणि बॅटरी फार तर शनिवार सकाळपर्यंत पुरणार होती. नळीचा वीतभर तुकडा हातात घेऊन मास्तर धक्क्यावर चढला आणि समोर खल्फान दोन्ही हात पसरून उभा!

"या कॅप्टन, या!"

"नमस्कार. माझ्या बोटीच्या एका छोट्याशा कामासाठी—"

"काम?" खल्फाननं कानांवर हात ठेवले. "तीन दिवस कामाचं नाव नको! आमच्यात पाहुण्याला तीन दिवस कोणी विचारत नाही, कुठून आलात, कशाला आलात. चला!"

पंधरा म्हातारे बैठकीत आधीच येऊन बसले होते. परदेशी कॅप्टन आणि बोकड अशी दुहेरी बातमी सूरमध्ये वाऱ्यापेक्षा वेगानं जाते. एर्लेंडला मानाच्या जागी बसवलं, थेट खिडकीखाली. त्यामुळे खिडकीतून खाडी आणि खाडीतली त्याची बोट सगळ्यांना दिसत होती. एका त्यालाच सोडून!

तो मान वळवून बघायला जरा उठला, तर पाहुणा उठला म्हणून पंधराच्या पंधरा म्हातारे उठले. तीस गुडघे एकदम कडकडले. एक आजोबा तर उठताना दुसऱ्याच्या खांद्याला लोंबकळले. मास्तर शरमेनं पुन्हा बसला. सगळे पुन्हा बसले. हे तीनदा झालं. चौथ्यांदा उठायची त्याची हिंमत झाली नाही. रात्री त्याची गादीही तिथंच पडली आणि 'काम' म्हणायला तो तोंड उघडी, तेव्हा कुणीतरी त्यात घास घाली.

निघावं तर तेही जमेना. त्याच्याकडे एक प्रवासाचं पुस्तक होतं आणि मास्तर असल्यामुळे त्याचा पुस्तकावर विश्वास होता. त्यात लिहिलं होतं की ओमानमध्ये ऊद फिरवल्याशिवाय पाहुण्यानं उठू नये, यजमानाचा फार अपमान होतो. म्हणून तो उदाची वाट बघत बसला. आणि उदाची धुपाटणी पुढे करणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं! ते पाप खल्फान कशाला करील? त्यानं धुपाटणीच कपाटात घालून कुलूप लावलं.

शुक्रवारी दुपारी मास्तरानं शेवटचा उपाय केला. नळीचा तुकडा त्यानं बैठकीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि गयावया केल्यासारखा एकेकाकडे बघत राहिला. पंधरा जन्मजात दर्यावर्दी त्या फाटक्या नळीकडे बघत राहिले. ती कशाची आहे, कुठून फाटली आणि त्यामुळे काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला झोपेतही सांगता आलं असतं. शेवटी हिलालनं ती अदबीनं उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागी हलव्याचं ताट सरकवलं.

"घ्या कॅप्टन, संकोच करू नका!"

खल्फानची नजर खिडकीकडे गेली. बोटीच्या अंगावरचा निळा पट्टा काल पाण्याच्या वर हातभर होता. आज तो दिसतच नव्हता. खल्फाननं हातातला खजूर बीसकट गिळला.

"नाखवा," हिलाल गोड आवाजात म्हणाला, "आज भरती जरा जास्तच आहे, नाही?"

खल्फानला डाव कळला. आपण 'बोट' एवढा शब्द जरी उच्चारला, तरी उद्या हिलाल गावभर सांगणार, खल्फाननं दुसऱ्याच दिवशी पाहुण्याला बोटीची आठवण करून दिली!

"भरतीच आहे," तो म्हणाला.

"भरतीच," म्हातारे म्हणाले.

बाहेर ओहोटी होती.

शनिवारी दिवस कलल्यावर शम्सानं खल्फानला स्वयंपाकघरात बोलावलं. "अबू माजिद, त्या माणसाची बोट बुडतेय."

"हळू बोल! ऐकेल तो!"

"ऐकू दे की! त्याला सांगा."

"तिसरा दिवस मावळायला अजून तासभर आहे. तासाभरानं स्वतः विचारतो. तोवर बुडत नाही ती."

"तुमच्या अब्रूला पोहता येतं वाटतं?"

खल्फान तरातरा बैठकीत परतला. शम्सानं क्षणभर त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग डोईवरचं वस्त्र नीट केलं, कपाटाचं कुलूप वरवंट्यानं फोडलं, धुपाटणीत निखारे आणि मूठभर ऊद टाकला आणि पुरुषांनी भरलेल्या त्या बैठकीत सरळ शिरून ती एर्लेंडपुढे ठेवली!

खल्फानचा चेहरा राखेसारखा झाला. गेली अब्रू! पाहुण्याला हाकललं, तेही बायकोनं, तेही हिलालसमोर!

मास्तराच्या चेहऱ्यावर मात्र तीन दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. त्यानं दाढीला धूर दिला, छातीवर हात ठेवून शम्सापुढे मान लववली आणि ताडकन उठला. पंधरा म्हातारे उठले. तीस गुडघे कडकडले. एर्लेंड खिडकीकडे वळला.

खाडीत एक डोलकाठी उभी होती. थोडी तिरकी. खाली बोट नव्हती.

हिलालनंही हातातला हलवा ताटात परत ठेवला. पाहुणा बसेना, म्हणून सगळे तसेच उभे राहिले. शेवटी सूर्य मावळला आणि तिसरा दिवस संपला. खल्फाननं घसा साफ केला.

"मग कॅप्टन, कोणतं काम काढलंत आमच्या सूरला?"

एर्लेंडनं हलव्याच्या ताटामागून नळी उचलली. "ही बदलायची होती."

"अरे, एवढंच ना!" पंधरा म्हातारे एका सुरात ओरडले. "माझ्याकडे आहे की!"

मग मात्र सगळे धावले. होड्या काढल्या, तरण्या पोरांसारख्या बुड्या मारल्या. हाती लागलं ते हे: एक किटली, भिजून फुगलेली चौदा पुस्तकं आणि मास्तराच्या बायकोचा फोटो, ज्यातलं तोंड तेवढं पाण्यानं पुसलं होतं. एर्लेंड ते सगळं गुडघ्यांवर घेऊन धक्क्यावर बसून राहिला. रागावला नाही. रागावला असता तर खल्फानला बरं वाटलं असतं.

गाव मात्र त्या दिवसापासून खल्फानचं नाव आदरानं घेऊ लागलं. पाहुणचार करावा तर खल्फाननं! बोट बुडाली तरी विचारलं नाही! हिलालची बैठक आठवड्यात ओस पडली.

पण ते नंतरचं. त्या रात्री खल्फान धक्क्यावर एर्लेंडजवळ गेला. त्यानं छातीवर हात ठेवला आणि आयुष्यभर प्रत्येक पाहुण्याला निघताना म्हटलं होतं, तेच म्हणाला, "कॅप्टन, माझं घर ते तुमचंच घर."

यावर पाहुण्यानं दुवा द्यायची, आभार मानायचे आणि आपल्या वाटेनं जायचं, अशी रीत आहे. एर्लेंडनं फोटो खिशात घातला, पुस्तकांचा ओला गठ्ठा खल्फानच्या हातात दिला आणि म्हणाला,

"ठीक आहे."