तीस पिल्लं आणि एक सुरक्षित जागा

"पिल्लांची जागा मी ठरवणार," असं मी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, आणि दुपारी साडेबारापर्यंत माझ्या घरात अख्खी आळी गोळा झाली.

झालं असं, की आमच्या हिने, म्हणजे विजयमालेने, गावरान कोंबडीची एका दिवसाची तीस पिल्लं सांगून ठेवली होती. घोडेगावच्या बाजारात त्यांचा टेम्पो येणार होता. आमचं घर बाजारापासून हाकेच्या अंतरावर. थंडीचे दिवस, त्यामुळे पिल्लांना पहिले तीन आठवडे घरातच उबेला ठेवायचं होतं. बचत गटाच्या बायकांबरोबर तिने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं.

"धान्याच्या खोलीत ठेवू," ती म्हणाली. "दार घट्ट लागतं, मांजर येत न्हाई, वारं येत न्हाई."

"असं घाईने ठरवायचं नसतं," मी म्हणालो. (कचेरीत अठरा वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला एवढं तरी कळतंच.) "आधी पाहणी, मग निर्णय. मी आज रजा टाकतो."

"रजा टाकून काय करणार?"

"पिल्लांच्या भूमिकेत शिरणार."

तिने पिशवी घेतली आणि ती बाजाराला गेली.

माझी पद्धत शास्त्रीय होती. पिल्लाला अंगावर कपडा नसतो, म्हणून मी शर्ट काढून बनियनवर आलो. पिल्लू जमिनीवर असतं, म्हणून मी प्रत्येक जागी जमिनीवर आडवा होऊन दहा-दहा मिनिटं थांबलो. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी अजून हवेत होती, तीन शिंका आल्या, बाद. न्हाणीघरात ओल, पाठीला बनियन चिकटली, बाद. टीव्हीखाली ऊब होती, पण दिवसभर त्या मालिकांतली भांडणं ऐकून पिल्लांवर काय संस्कार होणार? तीही जागा बाद.

शेवटी बैठकीच्या खोलीचा मधला भाग मला पसंत पडला. तिथे लाकडाचा भुसा पसरला, वायर ओढून शंभराचा बल्ब जमिनीपासून हातभर उंचीवर टांगला आणि त्याच्याखाली डोकं करून झोपलो. वारं येतंय का ते कळावं म्हणून अंगावर पातळ पांढरी चादर घेतली. तिची कड हलली तर वारं आहे, नाही हलली तर नाही. (या युक्तीवर मी स्वतःच खूष होतो.) बल्ब डोळ्यांवर येत होता, म्हणून चादर तोंडावरही ओढली.

ऊब इतकी उत्तम होती, की पाचच मिनिटांत माझा डोळा लागला.

तेवढ्यात शेजारच्या भागूबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. त्यांनी उघड्या दारातून काय पाहिलं असेल ते तुम्हीच बघा: माणूस जमिनीवर, तोंडापर्यंत पांढरी चादर, आणि उशाशी दिवा.

वाटी पडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी गळा काढला.

"अगं बया गं! गोरख भाऊजी गेलं की वो!"

मला जाग आली तेव्हा खोली माणसांनी भरली होती. लगेच उठायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यात आळीतले वडीलधारे काकासाहेब खाकरले आणि म्हणाले, "मानूस लई गुनी हुता." आता सांगा, असं कानावर आल्यावर कोण उठेल? मी श्वास रोखून पुढचं ऐकू लागलो.

"कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई," काकासाहेब म्हणाले. "कामाचा न्हवता, पर कुनाला तरास न्हवता."

एवढ्यात विजयमाला खोका घेऊन दारात आली. माणसांनी मुकाट्याने वाट दिली. भागूबाई खोक्यासकट तिच्या गळ्यात पडल्या.

"विजे, गेलं गं!"

"गेली?" ही खोक्याकडे बघून हादरली. "किती गेली?"

"किती काय म्हनतीस? एकच तर हुतं!"

"एकच ना? मग एवढं काय! तिसांत एखादं जायचंच."

भागूबाईंनी तिला गदागदा हलवलं. "अगं, तुझं कुंकू गेलं!"

त्या हलवाहलवीत खोका सुटला, उघडला, आणि पिवळे धमक कापसाचे बोळे चिवचिवत खोलीभर पांगले. मी चादरीची कड उचलून पाहिलं. एक पिल्लू काकासाहेबांच्या उचललेल्या वहाणेखाली होतं. मला राहवलं नाही. ताडकन उठून बसलो.

"काकासाहेब, पाय!"

भुशाने माखलेलं मढं ओरडल्यावर जे व्हायचं तेच झालं. काकासाहेबांचा पाय तसाच हवेत राहिला. बाकीचे दाराकडे पळणार, आणि तीस जीव पायदळी जाणार, तोच विजयमालेचा आवाज घुमला:

"कुनी हलायचं न्हाई!"

सगळे जागच्या जागी थिजले. (मीही.) दारात आलेलं मांजर तिने पिशवीने हाकललं, दार लावलं, आणि मग ओंजळीने एकेक पिल्लू टिपत खोक्यात ठेवलं. मग दोनदा मोजली. एकोणतीस भरली.

तिसावं कुठेच मिळेना. ही रडवेली झाली. मग माझ्या काखेत काहीतरी वळवळलं. पिल्लू तिथे ऊब धरून डोळे मिटून बसलं होतं.

"बघ!" मी म्हणालो. "माझी जागा चुकीची नव्हती."

"मग बसा तिथंच तीन आठवडे काख उघडून," ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसायला लागली. पिल्लं धान्याच्या खोलीत गेली, बल्बही गेला. मंडळीही पांगली, काहींच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसली.

मी अंगावरचा भुसा झटकत होतो, तेवढ्यात हिचा मोबाईल वाजला. मीच उचलला. आमच्या कचेरीतला कल्याण होता. "वहिनी," तो जड आवाजात म्हणाला, "काकासाहेबांचा फोन आल्ता. फार वाईट झालं."

"अरे कल्याण, मी गोरक्षनाथ बोलतोय. जिवंत आहे मी!"

"आवो, मग आता कसं करायचं?" तो म्हणाला. "आमी दोन मिनिटं उभं राहिलो. सायबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. सगळे एसटीत बसले बी."

मला गहिवरून आलं. अठरा वर्षांची सोबत होती शेवटी.

"इकडे यायला निघाले?"

"न्हाई वो," कल्याण म्हणाला. "आपापल्या घरी."