कलेक्टरचं इंग्रजी

मारुतराव ढवण गेल्या पन्नास वर्षांत चहाचा घोट प्यायलेले नाहीत. कोल्हापुरात हे सांगितलं की लोक आधी डॉक्टरचं नाव विचारतात. पण कारण तब्येतीचं नाही. चहानं माणूस काळा पडतो असं त्यांच्या आईनं लहानपणी सांगितलं होतं, आणि काळं पडणं मारुतरावांना परवडणारं नव्हतं. गोरा रंग आणि घारे डोळे एवढंच त्यांचं भांडवल. त्यावर त्यांनी नाटकात, सिनेमात आणि पुढं मालिकांत जन्मभर एकच काम केलं, गोऱ्या साहेबाचं. मंगळवार पेठेतली आमची गल्ली त्यांना कलेक्टर म्हणते.

कलेक्टर उघड्या डोक्यानं उन्हात जात नाहीत. भाजी आणायला निघाले तरी डोक्यावर काळी छत्री, मग डिसेंबर असो की मे. नवीन माणूस आधी आभाळाकडं बघतो आणि मग त्यांच्याकडं. "पावणं, ही पावसासाठी न्हाय," ते थांबून सांगतात, "इंग्रजासाठी हाय." आणि पुढं चालू लागतात. तो बिचारा तिथंच उभा राहतो.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. त्यामुळं त्यांचं एक गुपित गल्लीत फक्त मला माहीत होतं. कलेक्टरना इंग्रजी येत नाही.

त्यांचं घराणं मलकापूरकडचं, शेतकरी. पोरवयात कोल्हापुरात आले आणि एका स्टुडिओत सेटचं सामान उचलायला लागले. एकदा साहेबाचं काम करणारा नट आजारी पडला. दिग्दर्शकानं उजेडात ह्यांचे डोळे बघितले आणि डोक्यावर साहेबाची टोपी ठेवली. ती परत उतरलीच नाही. साहेब शेवटच्या अंकात मरतोच, त्यामुळं मारुतराव गोळीनं मेले, तलवारीनं मेले, गडावरून ढकलून दिल्यामुळंही मेले. मरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आधी गुडघा, मग खांदा, मग डोकं, असा त्यांचा क्रम ठरलेला असे.

पेठ वडगावच्या प्रयोगानंतर नाटक कंपनीची पंगत एका घरी होती. त्या घरच्या आजींनी सगळ्यांना वाढलं आणि ह्यांचं ताट वगळून पुढं गेल्या. नाटकात ह्यांनी नायिकेच्या बापाला चाबकानं मारलं होतं. यजमान ओशाळले. मारुतराव मात्र उपाशी पोटी खूश. "नटाला ह्याच्यावर बक्षीस कुठलं वो?" असं ते अजून विचारतात.

पण ह्या सगळ्या साहेबांचं इंग्रजी किती? "शटप", "ब्लडी फूल", "ॲरेस्ट हिम" आणि "फायर". बाकी सगळं "टुम लोक" मध्ये भागायचं. गल्लीला हे ठाऊक नसल्यामुळं औषधांच्या बाटल्या आणि बँकेची पत्रं वाचून घ्यायला बायका त्यांच्याकडं जात. ते चष्मा लावून कागद लांब धरत, भुवया आवळत आणि म्हणत, "प्रकरण किचकट हाय. मास्तरांस्नीबी दावा, दोन मतं असलेली बरी." मग बाई आमच्या दारात यायची. मी वाचून सांगितलं की म्हणायची, "कलेक्टर बी आसंच म्हनलं."

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा नर्स होऊन आयर्लंडला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवून जावयालाच घेऊन आली. गल्ली बघायला लोटली. जावई तांबड्या दाढीचा, तीन दिवसांच्या उन्हात नाकाचं साल निघालेला, शर्टाची बटणं खालीवर. शेजारी मारुतराव कडक उभे. "दोघांत साहेब कोन म्हनायचा?" अशी चर्चा चहाच्या टपरीवर आठवडाभर चालली.

जावयानं मात्र त्यांना दोन धक्के दिले. नंदानं बापाची कामगिरी कौतुकानं सांगितली, तर तो म्हणाला, आमच्यावरही इंग्रजांचंच राज्य होतं, आमच्याकडंही नाटकात साहेब मारच खातो. मारुतरावांचा चेहरा उतरला. जावयापुढं छाप पाडायला ठेवलेला साहेब त्याचाही वैरीच निघाला. दुसरा धक्का मोठा होता. जावई दिवसाला सहा कप चहा प्यायचा आणि तरी पांढरा फटक. "मास्तर," ते मला हळूच म्हणाले, "चाळीस वर्सं फुकट गेली की वो." तरी चहा सुरू केला नाही. नेम मोडायला आता उशीर झाला, म्हणाले.

बायको आठ वर्षांपूर्वी गेली. ती गेल्यापासून घरात रेडिओ आणि ते. परवापर्यंत मालिकावाले अधूनमधून बोलवायचे, आता तेही गोव्याहून खरेखुरे गोरे आणतात. उरला तो रविवारचा फोन. दुपारी चारला नंदा व्हिडिओवर येते आणि मांडीवर तारा असते, सहा वर्षांची नात. ताराला मराठी "आजोबा" एवढंच येतं. बाकी सगळं ती इंग्रजीत धडाधड बोलते, आणि मारुतराव मान हलवतात.

एका सोमवारी त्यांनी आमच्या घरात येऊन आतून कडी लावली.

"मास्तर, पोरीला वाटतंय आजोबा मुका हाय. तिनं आईला इचारलं तसं. नंदा हसली, पर मला काय हसू आलं न्हाय." खुर्चीत बसले. "मला इंग्लिस शिकवा. पर गल्लीत बोलायचं न्हाय."

मी एबीसीडीपासून सुरुवात करायला निघालो, तर त्यांनी हात वर केला. "आसं न्हाय. मला नक्कल लिवून द्या." नक्कल म्हणजे नटाला पाठ करायला दिलेला त्याचा पार्ट. समोरच्याचं शेवटचं वाक्य, म्हणजे क्यू, मग आपलं. जन्मभर ते असंच शिकले होते. मी लिहून दिलं. तारा म्हणणार, हॅलो आजोबा. हे म्हणणार, हॅलो तारा, हाऊ आर यू. तारा म्हणणार, व्हॉट डिड यू ईट. हे म्हणणार, आय एट भाकरी. चार दिवसांत दोन पानं तोंडपाठ झाली. उच्चार माझ्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्यापेक्षा बरे होते, हे मला कबूल केलं पाहिजे.

रविवारी फोन मी धरला. तारा म्हणाली, "हॅलो आजोबा." मारुतराव खुलले. "हॅलो तारा, हाऊ आर यू?" तारानं तोंड उघडून पडलेला दात दाखवला आणि दातासंबंधी काहीतरी लांबलचक सांगितलं. मारुतराव थांबले. क्यू येईना. मग सरळ म्हणाले, "आय एट भाकरी."

तारानं आईकडं बघितलं. मारुतराव माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाले, "पोरगी पार्ट पाठ करून आलेली न्हाय." पुढच्या आठवड्यात त्यांनी ताराची नक्कल नंदाला पाठवली, तिच्याकडून बसवून घे म्हणून. नंदाचा मला फोन आला. "काका, बाबांना सांगा, ती नात आहे, नटी नाही."

मी सांगितलं. त्या रविवारी ते नेहमीची इस्त्री केलेली बंडी न घालता फोनसमोर बसले. तारा काहीतरी विचारत होती, हे कोरे बघत होते. दोन वेळा, तीन वेळा. शेवटी ती कंटाळून मांडीवरून उतरायला लागली. मारुतरावांना काय सुचलं कुणास ठाऊक, ते ताडकन उठले, छातीवर हात मारला, "ब्लडी फूल" म्हणाले आणि गोळी लागून पडले. आधी गुडघा, मग खांदा, मग डोकं.

पलीकडं ती पोरगी अशी खिदळली की माझ्या हातातला फोन हलला. "अगेन!" ती ओरडली. "अगेन, आजोबा!"

हा एक शब्द मारुतरावांना शिकवावा लागला नाही. त्यानंतर प्रत्येक रविवारी पंचाहत्तरीला आलेला हा माणूस चार-पाच वेळा मरतो. गुडघ्याला तेल लावून मरतो. मी रागावलो तर म्हणतो, "हाऊसफुल्ल चाललंय, बंद कशाला करायचं?" मला खरंच हेवा वाटतो. माझ्या चौतीस वर्षांच्या इंग्रजीवर कोणी असं हसलेलं नाही.

गेल्या रविवारी ते पडले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पडून राहिले. ताराचं "अगेन" चालूच. तेवढ्यात नंदा पुढं आली आणि म्हणाली, "बाबा, उठा. उठा बघू आधी." तिचा आवाज बरा नव्हता. मारुतराव उठून बसले, हसले, हात हलवला. फोन बंद झाला. ते मात्र जमिनीवरच बसून राहिले.

"मास्तर, अजून एक वाक्य लिवून द्या. ह्याला क्यू नगं."

"सांगा."

"मी खरा जाईन तवा नंदा पोरीला घेऊन येईल. मी असा निजलेला. पोरगी म्हननार, अगेन. तिची काय चूक वो? आनि मी न्हाय उठलो तर तिला वाटंल आजोबा रुसला." त्यांनी गुडघा चोळला. "तर तिला सांगायचं, ह्या बारीला आजोबा उठायचा न्हाय, पर तू हसलीस ते त्याला लई ग्वाड वाटलं. मी पाठ करतो आनि फोनमधी बोलून ठेवतो. नंदाला हे सांगाया जमायचं न्हाय."

मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नका. ते म्हणाले, लिवा की.

वाक्य अवघड नाही. नववीतला मुलगा भाषांतर करील. मी वही घेऊन रोज बसतो, आणि पहिल्या शब्दावरच माझे डोळे भरून येतात. आज गुरुवार. मारुतराव सकाळी छत्री उघडून भाजीला निघाले, आमच्या दाराशी थांबले आणि विचारलं, "मास्तर, झालं का वो?"

मी सांगितलं, व्याकरण तपासतोय.