अलकाताईंनी भरलेल्या तीन ओट्या

"मत द्यायचं, सूनबाई, पण कुणाचं व्हायचं नाही. घरावर झेंडा लागला की माणसाची भिंत होते. मग कुणीही येऊन पोस्टर चिकटवतो."

सासरे सुधाकरराव जाऊन बारा वर्षं झाली, तरी निवडणुकीचा भोंगा हिंदी मुलखातल्या त्या माधव नगरात शिरला की अलकाताईंच्या कानात आधी हाच आवाज वाजे. शेवटच्या आजारात ते सुनेकडून वचनच घेऊन गेले होते: घरावर झेंडा नाही, आणि मत कुणाला दिलं ते कुणाला कळू द्यायचं नाही.

यंदा पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, निवडणूक लागली आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. अलकाताईंनी हळू पण ठाम आवाजात आपल्या सुनेला सांगून टाकलं, "मृणाल, आपण कुठल्या पक्षाचे ते या वेळी कुणाला कळणार नाही."

"आई, आपण कुठल्या पक्षाचे आहोत?"

"कुठल्याच नाही. तेच कळणार नाही."

बेत चोख होता. फक्त उमेदवार शुक्रवारी आल्या.

शुक्रवारी अलकाताईंचं देवीचं व्रत. संध्याकाळी कहाणी वाचेपर्यंत मौन, आणि दारात आलेल्या सवाष्णीला ओटी भरल्याशिवाय परत पाठवायचं नाही. तीस वर्षांत दोन्हींत खंड नाही. सकाळी छत्री निशाणीवाल्या राठौर भाभी आल्या. "काकीजी, आशीर्वाद है ना?" मौनात मान हलवायचीही चोरी. अलकाताईंनी हळदकुंकू लावलं, पदरात तांदूळ, नारळ आणि खण घातला. राठौर भाभींनी जन्मात ओटी पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, विजयतिलकच झाला. त्यात गठ्ठ्यातला वरचा खण निघाला जांभळा, आणि छत्रीचा झेंडाही जांभळा. लगेच फोटो निघाला.

तो फोटो पाहूनच दुपारी कढईवाल्या व्यास भाभी धापा टाकत आल्या. जांभळ्याखालचा खण पिवळा होता. कढईचा झेंडाही पिवळाच. देवीची इच्छा, दुसरं काय!

चार वाजता पल्लवी आली, आपल्यातलीच, मराठी, अपक्ष उभी राहिलेली. ओटी म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं, पण तिचा हिशेब निराळा होता. "काकू, तुम्ही कुठल्याच पक्षाच्या नाही, मीही नाही. म्हणजे आपण दोघी एकाच पक्षाच्या."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण कहाणीला अजून दोन तास होते. तिसरी ओटी भरली गेली.

शनिवारी चौकात तीन पोस्टरं. तिन्हींवर अलकाताई, तोच चेहरा, तोच नारळ, 'माताजी का विजय आशीर्वाद'. दूधवाल्याने विचारलं की काकीजींना तीन-तीन पक्षांचं तिकीट मिळालं की काय. भजनी मंडळात बायका तीन रांगा करून बसल्या आणि एकच अभंग तीन चालींत निघाला. गच्चीवर तर रोज नवा झेंडा. अलकाताई पहाटे तो उतरवून, नीट घडी घालून, ज्याचा त्याला पोचवत. दुसऱ्या पहाटे पुन्हा हजर.

"झाले मी भिंत," त्या सासऱ्यांच्या फोटोला म्हणाल्या.

मग बोलता येईल असा वार बघून त्या तिघींच्याही घरी जाऊन आल्या. पोस्टर काढा, झेंडे थांबवा, एवढंच मागणं. प्रत्येकीने विचारलं, मग मताचं काय? प्रत्येकीला एकच उत्तर मिळालं.

"मत माझं मला राहू द्या. पण वचन देते, हरलात तर सगळ्यात आधी मी तुमच्याकडे येईन."

तिघीही मनापासून हसल्या. आपण हरणार नाही याची तिघींना खात्री होती. पोस्टरं उतरली.

निकाल लागला तो नेमका शुक्रवारी. निवडून आल्या शिडीवाल्या बाई. वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीगंजकडे राहणाऱ्या, अलकाताईंच्या दारात कधी पाऊल न ठेवलेल्या. बाकी तिघी पडल्या. दुपारपर्यंत वॉर्डभर झालं: काकीजींनी ओटी भरली की उमेदवार पडतो. पुढच्या निवडणुकीत या घराकडे झेंडा तर सोडाच, साधं पत्रकही येणार नव्हतं. सुधाकररावांचं वचन कायमचं पाळलं गेलं. कारण जरा वेगळं, इतकंच.

मृणाल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, आता तरी सांगा. मत कुणाला दिलंत?"

शुक्रवार. मौन.

अलकाताईंनी खिरीचे तीन डबे पिशवीत ठेवले. हरलेल्या तिघी, आणि तिघींनाही 'सगळ्यात आधी' कबूल केलेलं. त्या क्षणभर फाटकाशी थबकल्या. मग विजयाच्या खात्रीने घातलेला मांडव ज्या घरापुढून सर्वांत आधी उतरवला गेला होता, त्या घराकडे, कडीचाही आवाज न करता, निघाल्या.